सहा महिन्यांच्या आत

वानखेडे सरांच्या हातून चूक झालेली मी एकदाच पाहिली, आणि त्या वेळी काचेची नळी माझ्या हातात होती. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहायचं तर स्वतःला पार बाहेर ठेवता येणार नाही. कोपऱ्यात बसते, पण नळी धरून बसते.

सर भोपाळच्या आनंद नगरात राहायचे, रायसेन रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत. मूळचे वर्ध्याकडचे. सगळी नोकरी इथल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात रक्त तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हरांड्याची एक भिंत काळ्या रंगाने रंगवली, दोन सतरंज्या टाकल्या आणि शिकवणी सुरू केली. आम्ही नर्सिंगच्या आणि लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या मुली. आनुवंशिकता आणि रोगप्रक्रिया या पेपरात आम्ही हमखास अडकायचो. सीनियर मुली सांगायच्या, 'वानखेडे सर के पास जा, वरना अगले साल फिर यहीं मिलेगी.' मी त्यांच्याकडे गेले ती पहिल्या वर्षी आपटी खाऊनच.

पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं नाही. विचारलं, "कहाँ से?"

"नागपूर," मी म्हटलं. वडील सरकारी नोकरीत नागपूरहून बदलून आले होते, आणि भोपाळमध्ये पंधरा वर्षं काढूनही आमच्या घरात कोणी विचारलं की नागपूरच सांगायचं, अशी पद्धत होती.

"बस, नागपूर. बसा."

त्या दिवसापासून मी नागपूर. माझ्या शेजारी बसणारी नाज़नीन करोंदची. तिच्या अब्बांचा तिथल्या मंडीत धान्याचा व्यापार होता, म्हणून ती करोंद. एक बैतूल होती, एक विदिशा. सर म्हणायचे, माणूस कुठून आला ते आधी विचारावं, रक्ताबद्दल निम्मं तिथेच कळतं. शिकवायचे हिंदीतून, माझ्याशी मराठीतून बोलायचे, आणि चिडले की दोन्ही भाषा एकाच पातेल्यात पडायच्या. "अरे ऐसा कैसा लिहिलं बे?" हे वाक्य मी त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकलं असेन.

बुटके होते, सडपातळ. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळे काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, धुणं धुताना रोज त्यांच्या नावाने खडे फोडायच्या. उत्तरपत्रिका लाल पेनाने तपासायचे, आणि त्यात एक शब्द दिसला की उभे पेटायचे. तो शब्द म्हणजे 'अचानक'. 'मरीज को अचानक बुखार आया' असं कोणी लिहिलं, की त्या शब्दाभोवती ते इतक्या जोराने गोल काढायचे की कागद फाटायचा.

"रोग के पास अचानक नाम की चीज़ नहीं होती," ते म्हणायचे. "वो महीनों से चल रहा है. अचानक तो तुमने देखा."

मग प्रत्येक आजाराची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला लावायचे. पहिल्यांदा काय बिघडलं? फिर? फिर क्या हुआ? फिर? त्या 'फिर'ने आम्ही रडकुंडीला यायचो. पण पेपरात बसलं की तोच 'फिर' कानात वाजायचा आणि हात चालू लागायचा.

सिकल सेल त्यांनी कसा शिकवला ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हा रक्ताचा आजार आमच्या विदर्भात आणि मध्य प्रदेशातही बराच. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. सरांच्या घराला लागून एक बोळ होता, एक माणूस कसाबसा जाईल एवढा. सरांनी आम्हाला त्यात उतरवलं. आधी हात अंगाला चिकटवून चाला, तुम्ही निरोगी पेशी. मग कमरेवर हात ठेवून कोपरं बाहेर काढा, आता तुम्ही वाकलेल्या. मी, नाज़नीन आणि बैतूल तिघी बोळात अशा गच्च अडकलो की पुढेही जाता येईना आणि मागेही. तेवढ्यात मागून शेजारणीचा दूधवाला कॅन घेऊन आला आणि ओरडायला लागला.

सर खूश झाले. "देखो, दूधवाला ऑक्सीजन है! अंगूठे तक दूध नहीं पहुँचा. फिर क्या हुआ?"

"अंगूठा रोएगा, सर," नाज़नीन बोळातूनच ओरडली.

"दस में से दस!"

सरांकडून दहापैकी दहा मिळणं म्हणजे काय, ते ज्यांना मिळाले नाहीत त्यांना विचारा. नाज़नीन आठवडाभर जमिनीवर नव्हती.

त्यानंतर आम्ही कधी विसरलो नाही: लहान बाळाची बोटं सुजतात ती याच अडकण्यामुळे. पोटात डावीकडे असते ती प्लीहा याच अडकण्याने निकामी होते. आणि प्लीहा निकामी झालेल्या लेकराला साधा ताप आला तरी तो साधा राहत नाही, काही तासांत खेळ संपतो.

फळ्यावर ते घराण्याचं चित्रही काढायचे. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. अर्धा रंगवला तर वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण पुढे देऊ शकतो. पूर्ण रंगवला तर आजारी. तिरकी रेघ मारली तर मेलेला. दोघं आईबाप वाहक असले, तर प्रत्येक पोराला हा आजार व्हायची शक्यता चारात एक. सरावासाठी ते नेहमी एकच कुटुंब काढायचे. 'वर्धा की एक फैमिली,' म्हणायचे. आई अर्धी रंगवलेली. तिचा भाऊ अर्धा रंगवलेला. आईचा मुलगा अर्धा रंगवलेला. त्याचं लग्न मामाच्या मुलीशी. आणि त्या मुलीच्या गोलात प्रश्नचिन्ह.

"लड़की की जाँच करवाओगे?"

"हाँ, सर."

"और लड़कीवाले बोले, घर की लड़की का खून क्या जाँचते हो?"

आम्ही हसलो. बैतूल म्हणाली, "सर, तो बोलेंगे शादी मत करो."

"बोलेंगे," सर म्हणाले आणि हात झटकत खडूची पूड झाडू लागले.

ते कुटुंब कोणाचं, हे मला काकूंनी सांगितलं. त्यांना बोलायला मराठी माणूस हवं असायचं, म्हणून शिकवणी सुटली की मला आत मटार सोलायला बसवायच्या. "अगं, ते फळ्यावर काढतात ना, ते आमचंच घर," त्या एकदा हसत म्हणाल्या. "मी अर्धी रंगवलेली. माझा दादाही अर्धा रंगवलेला. विवेकही." विवेक त्यांचा मुलगा. त्याच्या लग्नाच्या वेळी सरांनी सांगितलं होतं की पत्रिका बघू नका, मीनलचं रक्त तेवढं बघा. मीनल म्हणजे काकूंच्या दादाचीच मुलगी. भावाच्या पोरीला सून करून आणायची, माहेर तुटू नये, ही काकूंची जन्माची हौस. दादा या मागणीवर असा भडकला की ताटावरून उठला. बहिणीच्या घरी पोर द्यायची आणि वर तिचं रक्त तपासून घ्यायचं, म्हणजे आमच्या पोरीत खोट काढता काय? काकूंनी तीन दिवस जेवण सोडलं. चौथ्या दिवशी सर म्हणाले, राहू द्या.

"माझ्यासाठी गप्प बसले," काकू कौतुकाने म्हणाल्या. "एरवी ऐकणारे नाहीत."

आता सरांचा लाडका प्रश्न. तोंडी परीक्षेचा सराव घेताना ते तो हमखास विचारायचे. "तीन महीने का बच्चा. सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव. माँ-बाप खुश. आप क्या बोलेंगी?"

ही चाचणी सोपी असते. नळीत औषध, त्यात रक्ताचा थेंब, थोडं थांबायचं आणि नळी छापील कागदासमोर धरायची. पलीकडची अक्षरं वाचता आली तर निगेटिव्ह. गढूळ होऊन अक्षरं दिसेनाशी झाली तर रक्तात सिकल आहे.

पहिल्यांदा मला हा प्रश्न विचारला तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "अभिनंदन म्हणेन, सर."

खडू माझ्या कानाजवळून गेला. "अभिनंदन! नागपूर, तुम्ही एक पोर मारलंत आत्ता."

मग त्यांनी समजावलं. आईच्या पोटात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मल्यावर काही महिने तेच रक्तात भरपूर राहतं. ते आजाराला झाकून ठेवतं. नळी स्वच्छ दिसते, आणि आजार आत बसलेला असतो. म्हणून सहा महिन्यांच्या आत या चाचणीवर विश्वास ठेवायचा नाही, नंतर पुन्हा तपासायचं. हे उत्तर त्यांनी माझ्याकडून महिनाभर रोज म्हणवून घेतलं. घरी माझी आई भाकरी थापता थापता ते म्हणायला लागली.

मीनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी वर्ध्याला गेली होती. मुलगी झाली. नाव रेवा ठेवलं, भोपाळच्या नळाला जिचं पाणी येतं त्या नर्मदेचं. बाळबाळंतीण तिसरा महिना भरल्यावर सासरी आल्या, आमच्याकडे येतात तशाच. ते तीन महिने सरांचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. 'फिर' विचारायचे आणि उत्तर ऐकायचेच नाहीत. मीनलच्या गोलातलं प्रश्नचिन्ह आता त्यांना चित्रातसुद्धा काढवत नव्हतं, तिथे नुसता रिकामा गोल ठेवायचे.

ज्या दिवशी रेवा आली त्याच दुपारी, आमची शिकवणी चालू असताना, ते उठून आत गेले. बाहेर आले ते नळी घेऊन. बाळाच्या टाचेला सुई टोचून थेंब घेतला होता. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं आणि काकू "झालं झालं" म्हणत होत्या.

"नागपूर, धरा."

मी नळी धरली. भिंतीवर मराठी दिनदर्शिका होती, तिच्यासमोर. सरांनी चष्मा डोळ्यांना लावला आणि वाकले. विवेक दारात उभा, मीनल त्याच्या मागे.

"संकष्ट चतुर्थी," सरांनी वाचलं. मग पुन्हा, मोठ्याने, "संकष्ट चतुर्थी! चंद्रोदय! सगळं वाचता येतंय! काकू, अहो, वाचता येतंय!" स्वतःच्या बायकोला ते आमच्यासारखं काकू म्हणाले, इतकं त्यांचं भान सुटलं होतं. आवाज चिरकला. विवेक हसायला लागला आणि मीनल रडायला.

मला येत होतं. महिनाभर रोज म्हटलेलं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. तीन महिन्यांचं बाळ, सोल्युबिलिटी निगेटिव्ह, आईबाप खूश, आपण काय म्हणाल? मी सरांकडे पाहिलं. ते दिनदर्शिकेकडे पाहत होते. मला वाटलं, सरांना का माहीत नाही? त्यांनीच तर शिकवलं. त्यांच्या मनात काहीतरी असेल. सहा महिने भरल्यावर पुन्हा करतील, आज पोरीच्या आईला तेवढाच दिलासा. आणि माझ्यासारख्या नापास झालेल्या मुलीने, त्यांच्या घरात, त्यांच्या सुनेसमोर, त्यांना चूक म्हणायचं? आपल्यात असं कोणी म्हणतं का? काकूंनी पेढा पुढे केला.

"अभिनंदन, सर," मी म्हटलं. आणि पेढा खाल्ला.

घरी जाताना बसमध्ये नाज़नीन म्हणाली, "वो तो तीन महीने की है न?"

"हो."

"तू बोली क्यों नहीं?"

"तू का नाही बोललीस?"

"नली तेरे हाथ में थी," ती म्हणाली.

रेवाला सहा महिने पूर्ण झाले. सरांनी पुन्हा तपासलं नाही. इतका आनंदी माणूस मी पाहिला नव्हता. रेवाला मांडीवर घेऊन शिकवायचे. तिच्या मुठीत खडू द्यायचे, ती तो खायची, आम्ही हसायचो. वर्ध्याच्या कुटुंबाचं चित्र काढणं त्यांनी बंदच केलं. म्हणायचे, "वो फैमिली अब ठीक है."

थंडीच्या दिवसांत एकदा रेवा त्यांच्या मांडीवर होती आणि तिचा हात सतरंजीवर होता. बोटं सुजलेली, फुगलेली. हात लावला की कळवळत होती. मी पाहिलं. नाज़नीननेही पाहिलं, आणि ती माझ्यासारखी नव्हती.

"सर, इसकी उँगलियाँ," ती म्हणाली. "सर, वही है. आपने ही पढ़ाया था."

सरांनी रेवाचा हात शालीखाली घेतला. "ठंड है. दाँत आ रहे हैं."

"सर, एक बार फिर जाँच..."

"करोंद, डॉक्टर बन गई क्या?" ते इतक्या जोरात ओरडले की रेवा रडायला लागली. "बाहर जाओ."

नाज़नीन पुस्तकं उचलून बाहेर गेली. मी बसून राहिले. हे लिहिताना मला माझी शरम वाटते. काकूंनी त्या हाताला लेप लावला आणि चार दिवसांत सूज उतरली. उतरतेच ती. तेही आम्हाला शिकवलेलं होतं.

रेवा चौदा महिन्यांची होती तेव्हा एका सकाळी तिला ताप आला. दुपारी ती पांढरी पडली. दवाखान्यात नेईपर्यंत अंग गार पडायला लागलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. तिथल्या लॅबमध्ये रक्ताची काच तयार करत होते. सर म्हणाले, मला बघू द्या. विवेकने नंतर सांगितलं की ते सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. शेवटी त्याने खांद्याला धरून उठवलं.

मी आणि नाज़नीन सरांच्या घरी गेलो तेव्हा माणसं जमली होती. कारखान्यातले कोणी जुने सहकारी सरांना विचारत होते, काय झालं, कसं झालं.

"अचानक," सर म्हणाले. "अचानक झालं हो."

नाज़नीनने माझा हात धरला. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा वाईट शब्द ऐकलेला नाही.

शिकवणी महिनाभर बंद होती. परीक्षा जवळ आली तेव्हा विदिशा आणि बैतूल जाऊन रडल्या, म्हणून पुन्हा सुरू केली. पहिल्याच दिवशी सर भिंतीकडे गेले आणि काहीही न बोलता वर्ध्याचं कुटुंब काढायला लागले. आई अर्धी, भाऊ अर्धा, मुलगा अर्धा. सुनेच्या रिकाम्या गोलाशी आले, आणि तो अर्धा रंगवला. त्यांच्याखाली एक लहान गोल काढला. तो पूर्ण रंगवला, हळूहळू, कडेपर्यंत. मग खडू आडवा धरून त्यावर तिरकी रेघ ओढली.

ते कुटुंब कोणाचं हे बैतूलला ठाऊक नव्हतं, ती आपली वही उघडून बसलेली. "सर, ये बच्ची किससे मरी?"

"दादा से," सर म्हणाले. हिंदीत दादा म्हणजे आजोबा.

बैतूल सगळंच लिहून घ्यायची. तेही तिने लिहून घेतलं.

त्या वर्षी त्यांनी लाडका प्रश्न विचारला नाही. सरावात त्या जागी आले की म्हणायचे, "ये घर पर पढ़ लेना." नवीन आलेल्या मुलींना तो आलाच नाही. मग मी शिकवणी सुटल्यावर फाटकाबाहेर उभी राहून त्यांना सांगायला लागले, रोज, जसा मला पाठ करवला होता तसा. म्हणजे ज्या बाईला बोलायच्या वेळी बोलता आलं नाही, ती आता रस्त्यावर उभी राहून बोलत होती. नाज़नीन म्हणायची, "अब बोल रही है." तिने ते कुत्सितपणे म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ती दमलेल्या आवाजात म्हणायची.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला नेमकं तेच विचारलं. मी उत्तर दिलं, एकही शब्द न चुकता. ते म्हणाले, "बहुत अच्छे. किसने पढ़ाया?" मी सरांचं नाव सांगितलं आणि बाहेर येऊन ओकले.

पास झाल्यावर सरांना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, "काय विचारलं तोंडीत?"

"रक्तगट, सर," मी म्हटलं. "नुसते रक्तगट."

"सोपं होतं," ते म्हणाले.

पुढे मी साकेत नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. नाज़नीन लग्न होऊन इंदूरला गेली. काही वर्षं मी आनंद नगरला गेले नाही. त्या गल्लीत पाय वळत नव्हता, हे खरं कारण. काकूंचे गुडघे गेले, शिकवणी बंद पडली, काळी भिंत पांढरी रंगवली, हे सगळं इकडून तिकडून कळत राहिलं.

एका सकाळी नमुन्यांच्या खिडकीवर मी बसले होते. एक फॉर्म आत आला. अक्षर मी लगेच ओळखलं. पेशंटचं नाव: बाळ वानखेडे. वय: दोन महिने. खाली त्याच अक्षरात, तपासणी: सोल्युबिलिटी.

मी मान वर केली. सर होते. खूप वाळले होते, चष्म्याची दोरी तीच. मागे मीनल, कुशीत मुलगा. पोटात असतानाच तपासता येतं हे सरांनी विवेकला सांगितलं होतं, पण मीनलने ऐकलं नव्हतं. त्या घरातल्या कोणाचं रक्ताबद्दलचं काहीही ऐकायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. आजही ती आली होती ती विवेकने हातापाया पडून पाठवली म्हणून, आणि सरांपासून चार हात लांब उभी होती.

मी उभी राहिले. खिडकीच्या काचेतून म्हटलं, "सर, सहा महिने झालेले नाहीत. सोल्युबिलिटी चालणार नाही."

त्यांनी डोळे मिटले. "बरोबर," ते म्हणाले. "दहापैकी दहा."

सोल्युबिलिटी चालणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे मोठं मशीन आहे, ते हिमोग्लोबिन वेगवेगळं करून दाखवतं आणि एवढ्या लहान बाळातही अंदाज देतं, हेही ठाऊक होतं. म्हणूनच ते इथे आले होते. तरी त्यांनी ते लिहिलं होतं. कोणीतरी म्हणावं म्हणून लिहिलं होतं, असं मला वाटतं.

मी फॉर्म बदलला आणि नमुना घेतला. मशीनच्या पडद्यावर टेकड्यांसारखी रेघ उमटत जाते. पहिली उंच टेकडी बाळाच्या हिमोग्लोबिनची, ती असायचीच. मग जिथे निरोगी माणसाची टेकडी यायला हवी तिथे रेघ सपाट गेली. मी स्क्रीनला हात लावून पाहिला, मूर्खासारखा. आणि पुढे, लहानशी, एक टेकडी आली.

कागद घेऊन मी बाकाशी गेले. सरांनी चष्मा काढून हातात धरला.

"तुम्हीच वाचा, नागपूर."

"लहान बाळाचं आहे, सर. सिकलचं आहे. निरोगी नाही. अजिबात नाही."

मीनल बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिने फक्त मुलाचं टोपडं नीट केलं. रडली नाही. मला ते बघवलं नाही.

"त्या दिवशी नळी तुमच्या हातात होती," सर खाली पाहत म्हणाले. "तुम्हाला येत होतं."

"हो, सर."

"मला माहीत होतं. म्हणून मी तुमच्याकडे बघितलंच नाही. दिनदर्शिका वाचत राहिलो. तुमचं तोंड बघितलं असतं तर ते वाचता आलं असतं."

इतकी वर्षं मी एकटीच ते ओझं वाहते आहे असं धरून चालले होते, आणि ते हलकं मुळीच झालं नाही. दोघांचं झालं, एवढंच.

मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला. व्हरांड्यातला तोच आवाज, पण आत हवा नव्हती. "पेनिसिलिन. कधीपासून?"

"आत्तापासून, सर. डॉक्टर आजच लिहून देतील. निदान पाच वर्षांचा होईपर्यंत."

"फिर?"

"लसी. एकही चुकवायची नाही."

"ताप आला. फिर?"

"घरी थांबायचं नाही. लेप नाही, दात येताहेत नाही. त्याच तासाला दवाखाना."

"एक दिवस औषध राहिलं?"

"राहायचं नाही, सर."

त्यांनी मान हलवली आणि मीनलकडे वळून म्हणाले, "औषध मी देत जाईन. रोज सकाळी, मी स्वतः..."

"ताई," मीनल मला म्हणाली. सासऱ्यांकडे, म्हणजे तिच्या मामाजींकडे, तिने पाहिलंही नाही. "मामाजींना सांगा, औषध मी देईन. त्यांनी याला हात लावायचा नाही."

मी सांगायची गरज नव्हती. सर हातभर अंतरावरच होते. "बरोबर आहे," ते म्हणाले, मलाच. "बरोबर आहे तिचं."

डॉक्टरांना दाखवून ते बाहेर पडले तेव्हा मी जिन्याच्या खिडकीत उभी होते. मीनल मुलाला घेऊन पुढे चालली होती, भराभर. सर मागून, तिने घालून दिलेलं अंतर राखत, कागद छातीशी धरून. त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं रडताहेत. मग ओळखलं. परीक्षेच्या हॉलबाहेर, दार उघडायच्या आधी, आम्ही करायचो तसं ते पाठ करत होते.